छायाचित्राचें पोट आणि पाठ

इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास कागदापेक्षां कागदावरची तारीख अधिक प्रिय असते, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. कागद काय सांगतो हें मागाहून पाहतां येतें; तो केव्हांचा, हें आधीं ठरवावें लागतें. आमच्याकडील अठराव्या शतकांतील पत्रें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस हा अनुभव नवा नाहीं. पत्राच्या शेवटीं 'छ' हें अक्षर घालून त्यापुढें चांद्र तारीख व मुसलमानी महिना दिलेला असतो. वर्ष मात्र पुष्कळदां नसतें. लिहिणारास व वाचणारास तें ठाऊकच होतें, मग तें लिहावें कशाला? दोनशें वर्षांनीं तोच कागद हातीं घेणाऱ्या संशोधकास त्या एका न लिहिलेल्या आंकड्यापायीं दिवसचे दिवस घालवावे लागतात. उलट पक्षीं, तारीखवार नोंदीचें एखादें बाड सांपडलें म्हणजे सगळें चित्र पालटतें. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलींतील एका ओळीनें शिवजन्माच्या वर्षाचा प्रश्न पुन्हां उभा केला, आणि पुढें बऱ्याच वादानंतर १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सरकारदरबारींही मान्य झाली.

आपल्या काळाचा इतिहास पुढें जे कोणी लिहितील त्यांच्यापुढें कागदापेक्षां छायाचित्रांचाच ढीग मोठा असेल. आज मध्यम स्थितींतील कोणत्याही कुटुंबाच्या मोबाइलांत हजारों छायाचित्रें सांठलेलीं असतात. यांतील बहुतेक प्रत्येक छायाचित्राबरोबर दोन प्रकारची माहिती असते. एक त्याच्या पोटांत, म्हणजे फाइलीच्या आंत, डोळ्यांस न दिसणारी. हिला मेटाडेटा म्हणतात. दुसरी त्याच्या पाठीवर, म्हणजे संगणकानें त्या फाइलीवर मारलेल्या तारखेच्या शिक्क्यांत. पोटांतील टिपण शेंकडों छायाचित्रांतून एकदम काढून टाकावें, परंतु पाठीवरची तारीख मात्र ढळूं देऊं नये, हें कसें साधावें, असा प्रश्न अलीकडे अनेकांस पडतो. वरवर पाहतां हा कारागिराचा किरकोळ प्रश्न आहे. आमच्या मतें तो इतिहासाचा प्रश्न आहे. कारण त्यांत जिवंत माणसाचा खासगीपणा आणि पुढील पिढ्यांची जिज्ञासा हे दोन्ही न्याय्य हक्क समोरासमोर उभे राहतात. हा प्रश्न कसा उत्पन्न झाला व त्याचा उलगडा कोणत्या मार्गानें होतो, हें येथें थोडें विस्तारानें पाहण्याचा आमचा विचार आहे.

छायाचित्रणकला १८३९ सालीं जगापुढें आली. त्यानंतर सोळाच वर्षांनीं रॉजर फेंटन नांवाचा इंग्रज छायाचित्रकार क्रिमियाच्या रणभूमीवर गेला. १८५५ सालीं सेवास्तोपोलजवळच्या एका दरींत त्यानें एकाच जागेवरून दोन छायाचित्रें घेतलीं. एकांत रस्ता मोकळा असून तोफांचे गोळे कडेच्या खळग्यांत पडलेले दिसतात. दुसऱ्यांत गोळे रस्त्यावरही विखुरलेले आहेत. यांतलें आधींचें कोणतें? मोकळ्या रस्त्याचें चित्र आधींचें असेल तर देखावा अधिक भयाण व्हावा म्हणून गोळे कोणीतरी रस्त्यावर आणून टाकले, असा संशय येतो. तें नंतरचें असेल तर शिपायांनीं गोळे वेंचून नेले, इतकाच अर्थ होतो. सुसान सोन्टाग यांनीं २००३ सालच्या आपल्या पुस्तकांत गोळे मुद्दाम पसरविले असें लिहिलें. एरल मॉरिस या चित्रपटकारास तेवढ्यानें समाधान वाटलें नाहीं. त्यानें खुद्द क्रिमियास जाऊन जागा धुंडाळली, सावल्या मोजल्या, जाणकारांचीं मतें घेतलीं, आणि २००७ सालीं त्यावर विस्तृत लेख लिहिले. अखेर निकाल दिला तो उतारावरच्या कांहीं लहानशा दगडांनीं. रस्त्यावर गोळे असलेल्या चित्रांत ते दगड किंचित् खालीं घसरलेले आढळले. आणि दगड आपण होऊन चढण चढत नाहीं, तेव्हां मोकळ्या रस्त्याचें चित्रच आधींचें ठरलें. त्या दोन कांचांवर फेंटननें नुसती वेळ लिहून ठेवली असती तर दीडशें वर्षांनीं कोणास हा प्रवास करावा लागला नसता.

छायाचित्रावर कांहीं लिहून ठेवावें ही गरज लोकांस लवकरच जाणवली होती. मुंबईस १८५४ सालीं बाँबे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, व डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ तींत भाग घेत असत. पुढें स्टुडिओंतून जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेलीं छायाचित्रें घरोघर आलीं. त्या पुठ्ठ्याच्या पाठीवर स्टुडिओचें नांव व पत्ता छापलेला असे, आणि घरांतील कोणीतरी शाईनें नांवें व साल लिहून ठेवी. आज पणजोबांचें छायाचित्र ओळखूं येतें तें पुष्कळदां त्या दोन ओळींमुळें. १९१४ सालीं न्यूयॉर्कच्या हेन्री गाइसमन याची एक युक्ति कोडक कंपनीनें तीन लक्ष डॉलर देऊन विकत घेतली. कॅमेऱ्याच्या मागील बाजूस एक लहानशी फट ठेवून, धातूच्या टोंकदार लेखणीनें दोन चित्रांमधील जागेंत फिल्मवरच तारीख व स्थळ टिपावें, अशी ती योजना होती. त्यानंतर कित्येक वर्षांनीं, फिल्मच्या शेवटच्या काळांत, चित्राच्या कोंपऱ्यांत नारिंगी रंगाचे तारखेचे आंकडे उमटविणारे कॅमेरे आले. ते आंकडे असलेलीं लग्नांचीं व सहलींचीं चित्रें आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं असतीलच. या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान होती. जें लिहिलें तें डोळ्यांस दिसे, आणि मालकाच्या इच्छेनें लिहिलेलें असे. नको असेल तो लिहीत नसे.

डिजिटल कॅमेऱ्यानें ही स्थिति पालटली. जेपेग ही चित्र सांठविण्याची पद्धति १९९२ सालीं प्रमाण ठरली. १९९५ सालीं जपानांतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या विकास-संघानें एक्झिफ या नांवाचे नियम प्रसिद्ध केले. हेतु अगदीं निरुपद्रवी होता. एका कारखान्याच्या कॅमेऱ्यानें टिपलेलें चित्र दुसऱ्या कारखान्याच्या यंत्रास नीट वाचतां यावें, आणि चित्र कोणत्या परिस्थितींत घेतलें तें चित्राबरोबरच राहावें, एवढेंच त्यांना हवें होतें. त्यासाठीं जेपेग फाइलीच्या आरंभीं एक कप्पा ठरविण्यांत आला; चौसष्ट किलोबाइटांहून मोठा तो होऊं शकत नाहीं. त्यांत कॅमेऱ्याच्या कारखानदाराचें नांव, कॅमेऱ्याचा प्रकार, प्रकाश किती वेळ घेतला, भिंगाचें छिद्र किती उघडलें, कॅमेरा उभा धरला होता कीं आडवा, हें सर्व लिहिलें जातें. चित्र घेतल्याची तारीख व वेळ सेकंदापर्यंत दिलेली असते. कित्येक कॅमेरे आपला अनुक्रमांकही त्यांत घालतात. शिवाय चित्राची एक इवलीशी प्रतिमा त्यांतच ठेवलेली असते. मोठें चित्र कातरून त्यांतला कांहीं भाग काढून टाकला, तरी निष्काळजी प्रोग्रामाच्या हातून ही लहान प्रतिमा न कातरलेलीच राहूं शकते.

हा एकच कप्पा असता तरी काम सोपें होतें. परंतु लंडन येथें १९६५ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय वृत्त-दूरसंचार मंडळानें, वर्तमानपत्रांच्या सोयीसाठीं, छायाचित्रकाराचें नांव, चित्राखालचा मजकूर व हक्क यांची नोंद ठेवण्याची आणखी एक रीत घालून दिली; आणि २००१ सालीं अडोबी कंपनीनें एक्सएमपी नांवाची तिसरी रीत काढली. एकाच चित्राच्या पोटांत हे तिन्ही कप्पे असूं शकतात, व एकच गोष्ट तिन्ही ठिकाणीं लिहिलेली असूं शकते. एक धुतला आणि दोन तसेच राहिले, तर धुतल्याचा उपयोग नाहीं.

तरीही ही माहिती कोणास फारशी खुपत नव्हती, जोंपर्यंत तींत स्थळ नव्हतें. मे २००० मध्यें अमेरिकन सरकारनें आपल्या उपग्रह-दिग्दर्शनाच्या नागरी संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेला अस्पष्टपणा काढून टाकला, आणि सामान्य माणसाच्या हातांतील यंत्रासही कांहीं मीटरांच्या अंतरानें जागा सांगतां येऊं लागली. २००८ च्या सुमारास कॅमेरा आणि हें यंत्र एकाच मोबाइलांत नांदूं लागलीं. तेव्हांपासून छायाचित्राच्या पोटांत अक्षांश व रेखांश मुकाट्यानें लिहिले जाऊं लागले. पुठ्ठ्याच्या पाठीवर शाईनें लिहिणारा मनुष्य आपण काय लिहितों हें जाणत होता. आतां लिहिणारा कोणी दुसराच झाला, व मालकास त्याची वार्ताही राहिली नाहीं.

याचे परिणाम दिसून येण्यास वेळ लागला नाहीं. अमेरिकन सैन्यानेंच २०१२ सालीं दिलेल्या एका इशाऱ्यांत २००७ सालची इराकमधील हकीकत सांगितली आहे. तळावर नवीं हेलिकॉप्टरें उतरलीं, कांहीं शिपायांनीं हौसेनें त्यांचीं छायाचित्रें घेऊन इंटरनेटवर टाकलीं, आणि शत्रूनें चित्रांच्या पोटांतील अक्षांश-रेखांश काढून उखळी तोफांचा नेमका मारा केला. चार अपाचे हेलिकॉप्टरें नष्ट झालीं. २०१० सालीं जेराल्ड फ्रीडलंड व रॉबिन सोमर या संशोधकांनीं बर्कली येथें असें दाखवून दिलें कीं, लोकांनीं आपण होऊन प्रसिद्ध केलेल्या चित्रांवरून व चलच्चित्रांवरून त्यांचें घर कोठें व ते घराबाहेर केव्हां, हें थोड्या वेळांत हुडकतां येतें. डिसेंबर २०१२ मध्यें तर मोठीच गंमत झाली. संगणकाच्या सुरक्षिततेचा धंदा ज्याच्या नांवानें चालला तो जॉन मॅकॅफी बेलीझ देशांतून परागंदा झाला होता. त्याच्याबरोबर असलेल्या एका मासिकाच्या प्रतिनिधींनीं मोठ्या फुशारकीनें त्याचें छायाचित्र प्रसिद्ध केलें, आणि त्या चित्राच्या पोटांतील टिपणानें तो ग्वातेमालांत असल्याचें जगास सांगून टाकलें. कांहीं दिवसांतच तो तेथें पकडला गेला.

मोठ्यांच्या कथा वर्तमानपत्रांत येतात. लहानांच्या येत नाहींत. नवऱ्याच्या छळास कंटाळून दुसऱ्या गांवीं राहावयास गेलेली स्त्री आपल्या मुलाच्या वाढदिवसाचें छायाचित्र बहिणीस पाठविते. तें चार हातांतून फिरत भलत्या हातीं पडूं शकतें. जुनें कपाट विकण्याच्या जाहिरातींत घराचा नेमका ठिकाणा जातो. अन्यायाची वाच्यता करणारा कारकून पुरावा म्हणून कागदाचें चित्र पाठवितो, आणि त्याबरोबर आपल्या फोनचा प्रकारही कळवून टाकतो. अशा माणसांस छायाचित्राचें पोट धुणें ही चैन नसून संरक्षण आहे.

मोठ्या कंपन्यांनीं यावर आपल्या परीनें तोड काढली. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप यांवरून छायाचित्र नेहमींच्या रीतीनें पाठविलें असतां पोटांतील टिपण पाहणाऱ्यापर्यंत पोंचत नाहीं. आमच्या वाचकांस हा लाभ नकळत होतच असतो. (तेंच छायाचित्र व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविलें तर मात्र टिपण जसेंच्या तसें जातें, हें ध्यानांत ठेवावें.) परंतु या सरसकट पुसण्यांत अक्षांश-रेखांशांबरोबर तारीखही जाते. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपनें आलेल्या चित्राच्या नांवांत तारखेचे आंकडे असतात खरे, पण ती तारीख चित्र हातीं आल्याची, घेतल्याची नव्हे. चाळीस वर्षांपूर्वींच्या मुंजीचें छायाचित्र काल आतेभावानें पाठविलें तर तें कालचें म्हणून सांठविलें जातें. अठराव्या शतकांतील पत्रलेखक वर्ष लिहीत नसे. एकविसाव्या शतकांतील यंत्र सेकंदही लिहितें, आणि मग दुसरें यंत्र तें सारें पुसून त्या जागीं टपालाचा शिक्का मारतें. पुढच्या संशोधकाच्या वांट्यास दोन्हीकडून तीच अडचण यावयाची. किंबहुना ती आलीच आहे. २०१४ सालीं एलियट हिगिन्स यांनीं स्थापिलेली बेलिंगकॅट ही संस्था युद्धांतील चित्रांची छाननी करते. पोटांतील टिपण बहुधा नाहींसें झालेलें असल्यामुळें त्यांना सावल्यांची लांबी, दुकानांच्या पाट्या, झाडांचीं पानें यांवरून दिवस व वेळ काढावी लागते. मॉरिसला दगडांनीं साक्ष दिली, यांना सावल्या देतात.

येथपर्यंत पोटाचा विचार झाला. आतां पाठीचा पाहूं. संगणक प्रत्येक फाइलीवर स्वतः कांहीं तारखा ठेवतो. त्या फाइलीच्या आंत नसून संगणकाच्या दप्तरांत असतात. युनिक्स जातीच्या यंत्रणेंत तीन मुख्य तारखा आहेत: फाइल शेवटीं केव्हां वाचली, तिच्यांतला मजकूर शेवटीं केव्हां बदलला, आणि तिच्याविषयींची दप्तरी नोंद शेवटीं केव्हां बदलली. विंडोजमध्यें त्याखेरीज फाइल त्या जागीं निर्माण झाल्याची तारीख असते. कालगणनेचे सनही निराळे. आपल्या जुन्या दप्तरांत शक, सुहूर, फसली असे नाना सन आढळतात, तसाच हा प्रकार आहे. युनिक्स १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतें. विंडोजची एनटीएफएस पद्धति १ जानेवारी १६०१ पासून मोजते. आणि कॅमेऱ्यांच्या कार्डांवर पुष्कळदां वापरली जाणारी जुनी फॅट पद्धति १ जानेवारी १९८० पासून. घड्याळाची बॅटरी संपलेला कॅमेरा कधीं कधीं १९८० सालचीं छायाचित्रें घेऊं लागतो त्याचें मूळ येथें आहे. त्याच फॅट पद्धतींत मजकूर बदलल्याची वेळ दोन दोन सेकंदांच्या टप्प्यांनीं लिहितात, म्हणून त्या वेळेचा सेकंद नेहमीं सम संख्येचाच असतो. हस्ताक्षरावरून कारकून ओळखावा, तशी अशा बारकाव्यांवरून फाइल कोणत्या घरांतून आली हें ओळखतां येतें.

या पाठीवरच्या शिक्क्यांत एक मोठा गुण आहे, आणि तोच आमच्या विवेचनाचा कणा आहे. पोटांतलें टिपण फाइलीबरोबर कोठेंही जातें. पाठीवरची तारीख बहुधा घरींच राहते. ईमेलनें अथवा इंटरनेटवरून गेलेल्या चित्राबरोबर ती सहसा जात नाहीं. आपण होऊन झिपच्या गांठोड्यांत बांधून पाठविली तर मात्र जाते. म्हणजे घरच्यांस उपयोगी पडेल पण परक्यास कळणार नाहीं, अशी नोंद ठेवण्यास पाठ हीच योग्य जागा होय. खासगीपणा आणि इतिहास यांचें भांडण येथें बरेंचसें मिटतें. स्थळ, यंत्र व अनुक्रमांक हीं पोटांतून काढावीं. तारीख पाठीवर ठेवावी.

अडचण एवढीच कीं, पोट धुतांना पाठीवरचा शिक्का पुसतो. टिपण काढणारा प्रोग्राम फाइल नव्यानें लिहितो, आणि फाइल लिहिली कीं संगणक तीवर आजची तारीख मारतो. अनेक वर्षांचीं छायाचित्रें एका दुपारीं स्वच्छ केलीं तर तीं सारीं त्या दुपारचीं होतात; मुलीचा पहिला दिवस आणि तिचें लग्न एका रांगेंत येऊन बसतात. यावर उपाय असा कीं, प्रोग्रामानें काम आरंभण्यापूर्वीं जुनी तारीख वाचून लक्षांत ठेवावी व काम संपल्यावर ती पुन्हां मारावी. यंत्रणा तशी मुभा देते. मात्र युनिक्समधील दप्तरी नोंद बदलल्याची तिसरी तारीख साध्या मालकास बदलतां येत नाहीं. फाइलीस हात लागला होता ही गोष्ट त्या एका खिडकींतून दिसत राहते, आणि तें योग्यच आहे.

हें काम करणाऱ्या प्रोग्रामांत दोन नांवें सांगण्याजोगीं आहेत. कॅनडांतील अभियंते मथायस वांडेल यांचा जेहेड हा जुना, छोटा व चपळ प्रोग्राम केवळ जेपेग चित्रांसाठीं आहे. दुसरा एक्झिफटूल. कॅनडांतीलच भौतिकशास्त्रज्ञ फिल हार्वी यांनीं तो २००३ सालीं प्रथम प्रसिद्ध केला. तो विनामूल्य असून नाना प्रकारच्या फाइली ओळखतो. त्यास एखादें दालन दाखवून एका ओळींत आज्ञा दिली कीं, आंतल्या उपदालनांसह सर्व चित्रांचीं पोटें तो धुऊन काढतो. त्याच ओळींत उणें-चिन्ह व मोठें 'पी' हें एक अक्षर घातलें कीं फाइलीची तारीखही सांभाळतो. त्या एका अक्षराच्या अभावीं कित्येकांचे संग्रह एका दिवसाचे होऊन बसले असतील!

तथापि घाऊक काम करणाऱ्यानें चार गोष्टींचें भान ठेवलें पाहिजे. पहिली ही कीं, पाठीवरची तारीख मुळांत खरी आहे ना, हें आधीं पाहावें. फाइल एका यंत्रांतून दुसऱ्यांत गेली असेल तर पाठीवर भलतीच तारीख बसलेली असते. खरी पोटांतच असते. म्हणून पोटांतील तारीख प्रथम पाठीवर उतरवून घ्यावी आणि मगच पोट धुवावें. दोन्ही प्रोग्रामांत तशी सोय आहे. हा क्रम उलटा झाला तर तारीख कायमची गेली. दुसरी गोष्ट: चित्र उभें कीं आडवें हें पोटांतच लिहिलेलें असल्यामुळें सरसकट धुतल्यावर आजोबा आडवे झालेले दिसतात, आणि रंगांची नोंद गेल्यानें कांहीं चित्रांचे रंगही बदलतात. एवढ्या दोन निरुपद्रवी नोंदी मागें ठेवतां येतात, व ठेवाव्या. तिसरी: एक्झिफटूल सावधगिरी म्हणून न धुतलेली मूळ प्रत निराळ्या नांवानें शेजारींच ठेवून देतो. सबंध दालन दुसऱ्याच्या हवालीं करणारा मनुष्य स्वच्छ प्रतींबरोबर त्याही देऊन बसतो. चौथी: वेळेचा प्रश्न. एक्झिफच्या नियमांत ती वेळ कोणत्या देशाची हें लिहिण्यास २०१६ पर्यंत जागाच नव्हती. अमेरिकेंतून लग्नासाठीं आलेल्या मुलानें कॅमेऱ्याचें घड्याळ बदललें नसेल तर त्याच्या चित्रांत मंगलाष्टकें सीमांतपूजनाच्याही आधीं लागतात.

इतकें केल्यावरही छायाचित्र अगदीं मुकें होतें असें मानूं नये. मागची पाटी, खिडकींतून दिसणारें देऊळ, कांचेंतील प्रतिबिंब हीं बोलतच असतात. लुकाश, फ्रिड्रिख व गोल्यान या संशोधकांनीं २००६ सालीं असें दाखविलें कीं, प्रत्येक कॅमेऱ्याच्या संवेदकाचा सूक्ष्म दोष त्यानें घेतलेल्या सर्व चित्रांत उमटतो, व त्यावरून हें चित्र त्याच कॅमेऱ्याचें हें ओळखतां येतें. पोट धुतल्यानें हें जात नाहीं. जोखीम मोठी असेल त्यानें केवळ प्रोग्रामावर विसंबून राहूं नये.

ज्या हत्यारानें तारीख राखतां येते त्यानेंच ती बनवितांही येते, ही गोष्टही विसरतां कामा नये. पाठीवरचा शिक्का हा पुरावा नव्हे, साक्ष आहे. आणि साक्ष तपासून घ्यावी लागते. खोटे शिक्के व मागील तारखेच्या सनदा आमच्या इतिहासास अपरिचित नाहींत. म्हणूनच १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमांत इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या दाखल्याबरोबर त्या फाइलीचें गणिती ठसेवजा मूल्य देण्याची योजना आहे. फाइलींतील एक अक्षर बदललें तरी तें मूल्य जुळत नाहीं. उघडच आहे कीं, ज्या चित्राचा पुढेंमागें कोर्टांत उपयोग होण्याचा संभव आहे, तें धुऊन ठेवण्यासारखी घोडचूक नाहीं. त्याची मूळ प्रत अस्पृष्ट ठेवली पाहिजे.

आणखी एक मर्यादा. आपल्या चित्रांतून आपली माहिती काढणें हा आपला हक्क आहे. दुसऱ्याच्या चित्रांतून त्याचें नांव काढणें हा नव्हे. छायाचित्रकार आपलें नांव व हक्क चित्राच्या पोटांत लिहून ठेवतो, कारण पुठ्ठ्याची पाठ आतां उरलेली नाहीं. २०१२ सालीं झालेल्या दुरुस्तीनें आमच्या कॉपीराइट कायद्यांत ६५ब हें कलम आलें, व जाणूनबुजून, अधिकारावांचून अशी हक्काची माहिती काढून टाकणें हा शिक्षेस पात्र असा अपराध ठरला. लग्नाचीं चित्रें घेणाऱ्या व्यावसायिकाचें नांव घाऊक धुलाईंत सहजगत्या वाहून जातें. तें राहूं देण्यास काडीचाही त्रास पडत नाहीं.

या सर्वाचें तात्पर्य कुटुंबांच्या दृष्टीनें फार साधें आहे. छायाचित्राच्या दोन प्रती असाव्या. एक मूळ, पोटांतील सर्व टिपणासह, घरांत, दोन निरनिराळ्या डिस्कांवर. ती कोणास पाठवूं नये. दुसरी बाहेर जाण्यासाठीं, पोट धुतलेली, पण पाठीवरची तारीख राखलेली, म्हणजे ती परत घरच्या संग्रहांत येऊन पडली तरी आपल्या जागीं बसेल. दालनांस वर्षाचें व प्रसंगाचें नांव द्यावें. कारण पाठीवरचा शिक्काही कोणा प्रोग्रामाच्या धसमुसळेपणानें केव्हां पुसला जाईल याचा नेम नसतो. ज्या जुन्या पुठ्ठ्यांच्या चित्रांची आतां स्कॅन करून प्रत केली आहे, त्यांवर यंत्र स्कॅनचीच तारीख घालील. तेथें पुठ्ठ्यामागची शाईची ओळ वाचून फाइलीच्या नांवांतच सन लिहावा, व त्या पाठीचेंही एक छायाचित्र घेऊन शेजारीं ठेवावें.

सांगावयाचें काय आणि राखून ठेवावयाचें काय, हा विवेक माणसाचा आहे. तो यंत्रावर सोंपवितां येत नाहीं. कॅमेरा सर्व कांहीं लिहितो, कारण त्यास विवेक नाहीं. कंपनी सर्व कांहीं पुसते, कारण निवड करण्याचे कष्ट तिला नकोत. या दोहोंच्या मधें बसून, हें जगास नको, हें नातवंडांस हवें, असें ठरविण्याचें काम ज्याच्या घरचीं चित्रें त्याचेंच आहे. शंभर वर्षांनीं कोणी त्या चित्रांपुढें बसेल तेव्हां आपण कोणत्या गल्लींत राहत होतों, हें त्यास कळलें नाहीं तरी चालेल. परंतु कोणत्या वर्षीं आपण हंसत होतों, हें त्यास दगड मोजून ठरवावें लागूं नये.